विंडोज ९८ चा संगणक पुन्हा डायल-अपने जोडायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात २००१ साली घेतलेला पेंटियम-३ आहे, त्यात विंडोज ९८ सेकंड एडिशन आणि आत पीसीआय खाचेत बसवलेला मोडेम, म्हणजे संगणकाची माहिती फोनवरून जाईल अशा आवाजात बदलणारे कार्ड. मुलीच्या शाळेतल्या प्रदर्शनात तो संगणक डायल-अपने इंटरनेटला जोडून दाखवायचा आहे. घरचा तांब्याच्या तारेचा फोन जाऊन फायबर आले आहे. 'कनेक्ट' दाबले की 'नो डायल टोन' असा निरोप येतो. हे जमेल का, आणि कसे?

जमेल. फक्त एक गोष्ट आधी मनात पक्की करा. डायल-अप म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला केलेला साधा फोन. आधी फोन लागला पाहिजे, मग दोन मोडेमचे एकमेकांशी जुळले पाहिजे, आणि त्यानंतर दोन संगणकांनी नेटवर्कची बोलणी केली पाहिजेत. हा क्रम कधी बदलत नाही. १९९८ नंतरची काही वर्षे मी पुण्यात आणि आसपास घरोघरी जाऊन ही जोडणी करून देत असे. बहुतेक घरांत लोक विंडोजच्या सेटिंगमध्ये तासन्‌तास घालवून बसलेले असत आणि दोष असे भिंतीवरच्या रोझेटमध्ये, म्हणजे फोनची तार जोडायच्या डबीत. म्हणून मीही त्याच क्रमाने सांगतो.

संगणकाला हात लावण्याआधी एक काम करा. त्या हार्ड डिस्कवर घरातले जुने फोटो, पत्रे, हिशेब असतील तर डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकावर तिची पूर्ण प्रत घ्या. वीस-पंचवीस वर्षांची डिस्क एखाद्या दिवशी अचानक बंद पडते आणि मग काही हाती लागत नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदला, नाहीतर दर वेळी तारीख आणि बायोसची सेटिंग पुसली जातील.

आता फोन. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब सतत येत असे. रिसीव्हर उचलला किंवा मोडेमने लाइन घेतली की सर्किट पूर्ण होऊन प्रवाह वाहू लागे, एक्स्चेंजला ते कळे आणि डायल टोन येई. तुमच्या मोडेमला आज तो टोन मिळत नाही, म्हणून तो म्हणतो 'नो डायल टोन'. त्याचे चुकलेले नाही. फायबरच्या डब्याला फोनचे भोक असेल तर तिथून टोन मिळेल, मोडेम नंबरही फिरवेल, पण पलीकडे उचलणार कोण? व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्या आल्या. त्या सगळ्यांचे १७२ ने सुरू होणारे नंबर आपण फिरवायचो. आज त्या नंबरांवर भिस्त ठेवून प्रदर्शन उभे करू नका. अमेरिकेतल्या एओएल या इंटरनेट कंपनीनेसुद्धा ३० सप्टेंबर २०२५ ला आपली डायल-अप सेवा बंद केली. त्यामुळे उचलणारा मोडेम आपणच ठेवायचा. घरातच एक छोटा 'आयएसपी', म्हणजे इंटरनेट पुरवणारा, उभा करायचा.

त्यासाठी लागेल एक रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक किंवा लिनक्स असलेला कुठलाही जुना लॅपटॉप, आणि एक मोडेम जो लिनक्सला चालतो. इथे खरेदीत नीट बघा. बाजारात जुने मोडेम दोन जातींचे मिळतात. एका जातीत सगळे काम मोडेमच्या स्वतःच्या चिपवर होते. दुसऱ्या जातीत, ज्यांना विनमोडेम म्हणत, बरेचसे काम विंडोजचा ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतो. पीसीटेल, मोटोरोलाचा एसएम५६ हे त्यातले आपल्याकडे भरपूर खपलेले. स्वस्त म्हणून असेम्बल केलेल्या बहुतेक संगणकांत तेच असत, तुमच्याही संगणकात बहुधा तसाच असेल. विंडोज ९८ मध्ये तो उत्तम चालेल, पेंटियम-३ ला त्याचा भार जड नाही. पण लिनक्सच्या बाजूला तो नको. तिथे सीरियल पोर्टचा बाहेरचा मोडेम घ्या, किंवा यूएस रोबोटिक्सचा ५६३७ हा यूएसबी मोडेम. तो लिनक्समध्ये वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखला जातो.

दोन मोडेम एकमेकांना जोडायचे दोन मार्ग आहेत.

पहिला स्वस्त मार्ग म्हणजे सरळ फोनची केबल, दोन्हीकडे 'लाइन' लिहिलेल्या भोकात. 'फोन' लिहिलेले भोक समांतर टेलिफोन लावण्यासाठी असते, त्यात केबल घातली तर काही मोडेम चालतात आणि काही नाही, उगाच परीक्षा नको. या केबलमध्ये एक्स्चेंजचा दाब नसतो. आत ट्रान्सफॉर्मर असलेले जुने मोडेम त्याशिवायही बोलतात. नंतरच्या काळातल्या मोडेमना थोडा प्रवाह लागतोच. तो द्यायला दोन तारांपैकी एक तोडून तिच्यात ९ व्होल्टची बॅटरी आणि सुमारे ३०० ओहमचा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडा, दुसरी तार तशीच सरळ ठेवा. ही बॅटरीची केबल खऱ्या फोन लाइनला किंवा फायबरच्या डब्याला चुकूनही लावू नका. तिच्यावर ठळक चिठ्ठी चिकटवा, कारण प्रदर्शनात दहा हात लागतात.

या मार्गात घंटी वाजत नाही आणि डायल टोनही नसतो. म्हणून विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, प्रॉपर्टीज, कनेक्शन इथे 'वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग' वरची खूण काढा. पलीकडच्या मोडेमला 'उचल' ही आज्ञा आपण द्यायची. ती आज्ञा म्हणजे एटीए. लिनक्सवर पीपीपीडी हा फोनवरून नेटवर्क जोडणारा प्रोग्राम चॅट स्क्रिप्टसह (मोडेमशी काय बोलायचे त्या यादीसह) चालवला की तो मोडेमला एटीए पाठवतो, 'कनेक्ट' हे उत्तर येईपर्यंत थांबतो आणि मग पुढची बोलणी करतो. विंडोजने आकडे फिरवले की लगेच इकडे पीपीपीडी सुरू करायचा, एवढीच काय ती वेळ साधायची. विंडोजमध्ये नंबराच्या जागी कुठलेही आकडे चालतील.

दुसरा मार्ग दोन फोन पोर्ट असलेल्या व्हीओआयपी अडॅप्टरचा, म्हणजे साधा फोन इंटरनेटवरून चालवणाऱ्या डबीचा. लिंकसिसचा पीएपी२टी किंवा सिस्कोचा एसपीए११२ जुन्या बाजारात मिळतो. त्याचे एक पोर्ट विंडोजच्या मोडेमला, दुसरे लिनक्सच्या मोडेमला. डायल टोन खरा, घंटी खरी, नंबर फिरवल्यावर पलीकडे फोन वाजतो आणि एमगेटी नावाचा प्रोग्राम तो आपोआप उचलतो. शाळेतल्या मुलांसाठी मी हाच मार्ग निवडेन, कारण पूर्ण फोन घडताना दिसतो. मात्र अडॅप्टरमध्ये कोडेक (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करायची पद्धत) जी.७११ ठेवा, प्रतिध्वनी काढणारे इको कॅन्सलेशन आणि शांतता कापणारे सायलेन्स सप्रेशन बंद करा, आणि जिटर बफर (मागेपुढे येणारे आवाजाचे तुकडे सांभाळणारा साठा) आपोआप कमी-जास्त होणारा असेल तर स्थिर करा. माणसाच्या बोलण्यासाठी केलेल्या या सोयी मोडेमच्या आवाजाची नासाडी करतात. बोलताना मधली शांतता कापली तर आपल्याला कळत नाही, मोडेम मात्र तिथेच सुटतो.

आता तुमच्या संगणकाकडे येऊ. मोडेम्समध्ये 'डायग्नोस्टिक्स' या पानावर जा, मोडेम ज्या कॉम पोर्टवर (सीरियल जोडणीच्या क्रमांकावर) दिसतो तो निवडा आणि 'मोअर इन्फो' दाबा. मोडेमने आज्ञांना उत्तरे दिलेली एक यादी दिसली की मोडेम जिवंत आहे आणि ड्रायव्हरही ठीक आहे. यादी आली नाही तर पुढे जाऊ नका. पीसीआय मोडेम असेल तर कार्ड काढून खाच पुसून पुन्हा बसवा, आणि ड्रायव्हर शोधताना खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, कार्डावरच्या मोठ्या चिपचा नंबर वाचा. खोकी दहा नावांची असत, आत चिप तीच. पीसीआयच्या आधीच्या आयएसए कार्डांना आणखी एक दुखणे होते: कॉम १ आणि कॉम ३ एकच आयआरक्यू ४ (प्रोसेसरचे लक्ष वेधायची वाट) वापरतात, कॉम २ आणि कॉम ४ आयआरक्यू ३. कॉम १ वर सीरियल माउस आणि कॉम ३ वर मोडेम असला की नेट जोडताच माउस गोठायचा. तुमच्याकडे पीएस/२ माउस असेल तर हा प्रश्नच नाही.

मग कंट्रोल पॅनेलमधले 'नेटवर्क' उघडा. तिथे डायल-अप अडॅप्टर आणि टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटची भाषा, हवे. नसेल तर 'ॲड' करा. विंडोज सीडी मागेल, पण अनेक संगणकांवर सीडीवरच्या त्या कॅब फायली विंडोजच्या फोल्डरात 'ऑप्शन्स' आणि त्याच्या आत 'कॅब्ज' इथे आधीच असतात. 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' डायल-अप अडॅप्टरच्या टीसीपी/आयपीला जोडलेले असेल तर ती खूण काढा. त्या काळी ही एक खूण राहून गेल्यामुळे लोकांची सी ड्राइव्ह अख्ख्या जगाला उघडी राहत असे.

'माय कॉम्प्युटर' मधल्या 'डायल-अप नेटवर्किंग' मध्ये 'मेक न्यू कनेक्शन' ने नवे कनेक्शन बनवा. नाव, मोडेम, नंबर एवढेच ते विचारते. खरे काम त्यानंतर. त्या चिन्हावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, 'सर्व्हर टाइप्स'. प्रकार पीपीपी (फोनवरून नेटवर्क जोडायची पद्धत) ठेवा. 'लॉग ऑन टू नेटवर्क', 'नेटब्यूई' आणि 'आयपीएक्स/एसपीएक्स' यांच्या खुणा काढा, फक्त टीसीपी/आयपी राहू द्या. या तिन्ही खुणा मुळातच असायच्या आणि प्रत्येक वेळी जोडणी उगाच लांबवायच्या. 'रिक्वायर एन्क्रिप्टेड पासवर्ड' ही खूणही नको. टीसीपी/आयपी सेटिंग्जमध्ये आयपी पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) दोन्ही 'सर्व्हर असाइन्ड'. लिनक्सच्या बाजूला पीपीपीडीला दोन पत्ते सांगायचे, एक स्वतःचा आणि एक पाहुण्याचा, म्हणजे विंडोजच्या संगणकाचा, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.१ आणि १९२.१६८.५०.२. शिवाय विंडोजला द्यायचा डीएनएस, आणि लिनक्समधले आयपी फॉरवर्डिंग व मास्करेडिंग चालू करायचे, म्हणजे पाहुणा तुमच्या फायबरमधून बाहेर जाईल. युजरनेम-पासवर्ड तपासायचे नसले तर पीपीपीडीला तसे सांगता येते. पण मुलांना 'व्हेरिफाइंग युजर नेम अँड पासवर्ड' ही पाटी दिसायला हवी असेल तर पॅप या पद्धतीची पासवर्ड-तपासणी चालू करून एक खाते बनवा.

आता 'कनेक्ट' दाबा आणि ऐका. मोडेमचा स्पीकर बंद करू नका, सगळे निदान त्या आवाजात आहे. आधी डायल टोन, मग आकड्यांचे सूर. पलीकडून उचलल्यावर येणारा एकसारखा उंच सूर २१०० हर्ट्झचा असतो. वाटेतल्या इको काढणाऱ्या यंत्रांना तो सांगतो की इथे यंत्रे बोलणार आहेत, तुम्ही बाजूला व्हा. त्यानंतरच्या लहान किणकिणीत दोन्ही मोडेम कोणकोणती मानके येतात ते एकमेकांना सांगतात. मग वर-खाली होणारे काही सूर येतात. त्या वेळी लाइनचा अंदाज घेतला जातो, कुठली कंप्रता किती क्षीण होते, खरखर किती आहे. आणि शेवटचा तो ओळखीचा खळखळाट म्हणजे ठरलेल्या वेगाचा सराव. तो संपला की स्पीकर आपोआप गप्प होतो.

आवाज कुठे थांबला यावरून दोष कुठे आहे ते कळते. आकडेच फिरले नाहीत आणि एरर ६८० आली तर टोन नाही, केबल किंवा भोक पाहा. आकडे फिरले आणि ६७८ आली तर पलीकडे कोणी उचलले नाही. ६७६ म्हणजे नंबर व्यस्त, रात्री दहानंतर ही तर सगळ्यांच्या पाठ झालेली होती. खळखळाट सुरू होऊन पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर लाइन वाईट आहे किंवा वेगाची मागणी जास्त आहे. स्पीकर गप्प झाल्यावर ६९१ आली तर मोडेमचे काम झालेले आहे, युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. ७२० आली तर 'सर्व्हर टाइप्स' मध्ये टीसीपी/आयपीची खूण नाही किंवा लिनक्सच्या बाजूने पत्ता दिला जात नाही. जोडले गेल्यावर 'रन' मध्ये विनआयपीसीएफजी (winipcfg) लिहा, पत्ता मिळाला का ते दिसेल. मग पाहुण्याकडून यजमानाच्या पत्त्याला पिंग करून उत्तर येते का ते पाहा.

वेगाबद्दल मुले नक्की विचारतील, कारण मोडेमवर ५६के लिहिलेले असते आणि तुमच्या मांडणीत फार तर ३३,६०० चे कनेक्शन येईल. याचे कारण सांगण्यासारखे आहे. फोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे नेते. एक्स्चेंजमध्ये या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येकाला ८ बिट दिले जातात, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हे रूपांतर करताना प्रत्येक नमुना थोडा गोल करावा लागतो आणि ती गोलाई मोडेमला खरखरीसारखी ऐकू येते. दोन्ही टोकांना साधे ॲनालॉग मोडेम असले तर या खरखरीमुळे व्ही.३४ मानकाच्या ३३,६०० च्या पुढे जाता येत नाही. १९९८ साली आलेल्या व्ही.९० ने वाट काढली ती अशी: आयएसपी एक्स्चेंजला थेट डिजिटल तारेने जोडलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडून येणाऱ्या दिशेला हे रूपांतर करावेच लागत नाही. म्हणून उतरवण्याचा वेग ५६,००० पर्यंत, पण आपल्याकडून जाण्याचा वेग तोच ३३,६००. पुण्यात चांगल्या लाइनवर ४५,३३३ किंवा ४९,३३३ दिसे, हे विचित्र आकडे व्ही.९० च्या १,३३३ च्या पायऱ्यांमुळे. मध्ये सोसायटीचे किंवा ऑफिसचे जुने ईपीएबीएक्स, म्हणजे आतले छोटे एक्स्चेंज, आले की रूपांतर एकदा वाढे आणि वेग लगेच ३३,६०० च्या खाली येई. माणसे मोडेम बदलत बसत, बदलायला हवी होती ती वाट.

व्हीओआयपी अडॅप्टरवर तर ३३,६०० साठीही हट्ट धरू नका. मोडेमला २८,८०० किंवा त्याखाली बांधून ठेवले तर कनेक्शन टिकते, आणि प्रदर्शनात टिकणे महत्त्वाचे. मोडेमला वेगाची मर्यादा घालणारी आज्ञा चिपप्रमाणे वेगळी असते, ती 'ॲडव्हान्स्ड' मधल्या 'एक्स्ट्रा सेटिंग्ज' या रिकाम्या चौकटीत लिहायची.

खऱ्या लाइनचे ज्ञान तुम्हाला आता लागणार नाही, पण प्रदर्शनासाठी तक्ता करणार असाल तर हे त्यात घाला. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की डीपी बॉक्समधल्या (फोनच्या तारा वाटणाऱ्या बाहेरच्या डब्यातल्या) आणि घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप वायरच्या जोडांत पाणी शिरे, बोलताना फारशी जाणवणार नाही अशी खरखर येई आणि मोडेम ४५,३३३ वरून २६,४०० वर घसरे. लाइनमनला 'नेट चालत नाही' म्हणून सांगितले तर तो फोन उचलून टोन ऐके आणि निघून जाई. 'लाइनवर खरखर आहे, जोड तपासा' असे सांगितले की काम होई. वळवाच्या विजांनी त्याहून जास्त नुकसान केले. वीज कडाडताना संगणक बंद करून लोक निर्धास्त होत, पण फोनची तार मोडेममध्ये तशीच राही, आणि सकाळी मोडेम मेलेला सापडे. केबल लाइनच्या भोकातून काढून ठेवणे हाच खरा उपाय होता. घरात पॅरलल फोन असला तर आतल्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलताच कनेक्शन तुटे, म्हणून मोडेमची तार मुख्य रोझेटवरून वेगळी काढलेली बरी.

खर्चाचाही एक हिशेब तक्त्यात शोभेल. आयएसपीच्या तासांचे पैसे वेगळे आणि फोनचे वेगळे. ३ मिनिटांच्या पल्सला (फोनच्या बिलाच्या एका एककाला) १ रुपया २० पैसे धरले तर तासाला २० पल्स, म्हणजे २४ रुपये फक्त फोनचे. ४४,००० च्या कनेक्शनवर सेकंदाला जेमतेम ५ किलोबाइट उतरत, १ एमबीला तीन मिनिटांच्या वर. म्हणून जाणती माणसे पत्रे आधी लिहून ठेवत, आउटलुक एक्सप्रेसमध्ये 'हँग अप आफ्टर सेंडिंग अँड रिसीव्हिंग' ही खूण करत आणि दोन-तीन मिनिटांत फोन ठेवत.

शेवटी, जोडले गेल्यावर काय दाखवणार? आजच्या बहुतेक साइट सुरक्षित कनेक्शनची जी मानके वापरतात ती तुमच्या इंटरनेट एक्सप्लोररला माहीतच नाहीत, त्यामुळे पान उघडणार नाही. ते डायल-अपचे अपयश समजू नका. फ्रॉगफाइंडसारखी साध्या एचटीटीपीवर चालणारी सेवा चालते, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्याच रास्पबेरी पायवर एक वेब सर्व्हर चालवून मुलीच्याच हातून बनवलेली दोन-चार साधी पाने ठेवा. फोटो ४० किलोबाइटचा ठेवला तर वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उतरताना दिसेल. मजकूर मराठी हवा असेल तर तो चित्र म्हणून टाका. विंडोज ९८ ला देवनागरी युनिकोडचा आधार नव्हता, तो विंडोज २००० पासून आला, आणि तोवर मराठी साइट आपापले फाँट उतरवायला लावत.

बाहेरच्या इंटरनेटला हा संगणक गरजेपुरताच जोडा. त्याचे सुरक्षा दुरुस्त्यांचे दिवस २००६ सालीच संपले. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये बाहेरून आत येणारे सगळे बंद ठेवा आणि त्या संगणकावर कुठलाही आजचा पासवर्ड टाइप करू नका.

एवढे करूनही अडले तर तीन गोष्टी कळवा: मोडेमच्या मोठ्या चिपवरचा नंबर, 'मोअर इन्फो' मध्ये आलेली उत्तरे, आणि आवाज नेमका कुठल्या टप्प्यावर थांबतो. त्या आवाजाचे मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवले तर सगळ्यांत उत्तम.